आजी-आजोबा दवाखान्यात? डॉक्टरांशी त्यांनाही बोलू द्या

हिमायतनगरच्या ग्रामीण रुग्णालयात असो की पुढे नांदेडला, डॉक्टर राउंडला आले की बोलणे होते ते मुलाशी किंवा सुनेशी. खाटेवरचे आजोबा नुसते ऐकत राहतात. खरे तर कुठे दुखते, झोप लागली का, कोणत्या गोळीने चक्कर येते, हे सर्वात आधी त्यांनाच कळते.

कायदा काय सांगतो?
समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, रुग्ण सज्ञान आणि निर्णय घेण्यास सक्षम असेल तर संमती त्याचीच हवी. त्या प्रकरणात रुग्ण भुलेखाली असताना आईने दिलेली संमती ग्राह्य धरली गेली नाही. अपवाद फक्त जीव वाचवण्याच्या तातडीचा. वय झाले म्हणून हा हक्क जात नाही.

दाखल होताना
• घरातील सगळ्या गोळ्या, काढे, चूर्ण एका पिशवीत सोबत न्या.
• चष्मा, श्रवणयंत्र, कवळी विसरू नका. नीट दिसले-ऐकू आले नाही तर वयस्कर रुग्ण लवकर गोंधळतात, कधी बरळतातही.

राउंडच्या वेळी विचारायचे तीन प्रश्न
१. मला नेमके काय झाले आहे?
२. आज कोणती तपासणी, कोणते औषध आणि कशासाठी?
३. बरे होण्यासाठी मी काय करायचे?
आठवत नसेल तर नातवाने प्रश्न आधीच कागदावर लिहून द्यावेत.

खाटेवर असताना
नुसते पडून राहिल्याने पायातील ताकद झपाट्याने कमी होते. डॉक्टरांची परवानगी असेल तर आधार घेऊन रोज थोडे चालावे. एकट्याने मात्र उठू नये.

नातेवाइकांनी काय करावे?
प्रश्न आजींना विचारला असेल तर उत्तर त्यांनाच देऊ द्या. त्या गोरमाटी किंवा तेलुगू बोलत असतील तर दुभाषा व्हा; पण त्या जे म्हणतील तेच सांगा.

सुट्टी होताना
कोणती गोळी बंद, कोणती नवी, परत कधी यायचे, कोणता त्रास झाला तर लगेच यायचे, हे डिस्चार्ज कार्डवर पाहून घ्या. मग आजोबांनी ते स्वतःच्या शब्दांत सिस्टरला सांगावे. चुकले तर तिथेच दुरुस्त होते. घरी आल्यावर चुकीची गोळी पोटात जात नाही.

हे लक्षात ठेवा
• वय ७० पूर्ण असल्यास आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही.
• ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन : १४५६७