पेशींवरील साखर आणि स्तनाचा कर्करोग

साखर म्हटली की गृहिणीच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातला डबा उभा राहतो. परंतु आपल्या प्रत्येक पेशीवरही निरनिराळ्या शर्करांच्या साखळ्यांचे सूक्ष्म आवरण असते. पेशी ते स्वतःच विणते. या साखळ्या जोडण्याचे व बदलण्याचे काम एन्झाइमे, म्हणजेच विकरे, करीत असतात.

स्तनाच्या कर्करोगात यांतील काही विकरे रोगाच्या प्रसारास साह्यभूत होतात. कॅनडातील शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले की, असे एक विकर नसलेल्या उंदरांत गाठींची वाढ व प्रसार मंदावतो. एरवी मेंदूतच आढळणारे दुसरे एक विकर कर्कपेशींना मेंदूच्या रक्तवाहिन्यांना चिकटून आत शिरण्यास मदत करते, असे न्यूयॉर्क येथील संशोधकांना २००९ साली आढळले.

रोग स्तनापुरताच मर्यादित असताना उपचार अधिक यशस्वी होतात, ते याचमुळे. दिल्लीतील मुनिरका येथे १९७७ पासून राष्ट्रीय आरोग्य व परिवार कल्याण संस्था आरोग्यसेवेतील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देत आहे. प्रयोगशाळेतील ज्ञान घरोघरी पोहोचते ते अशा कार्यकर्त्यांच्या हातून. पुढचे पाऊल मात्र घरच्यांनीच उचलावयाचे असते. पुष्कळशा गाठी कर्करोगाच्या नसतात. तरीही नवी गाठ, दुखत नसली तरी, संकोच न करता डॉक्टरांना लगेच दाखवावी.