जुन्या फोटोंची सूची: सॉफ्टवेअर निवडताना

स्कॅन केलेल्या जुन्या फोटोला स्वतःची अशी काहीच माहिती नसते. मोबाइलवर काढलेला फोटो तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव आणि बहुधा ठिकाणही बरोबर घेऊन येतो. १९९५ साली जपानी उद्योगसंघटनेने ठरवलेल्या ‘एक्झिफ’ नमुन्यानुसार हे सगळे फाइलच्या आतच लिहिले जाते. स्कॅनर तारीख लिहितो तीही स्कॅन केल्याचीच. त्यामुळे आजोबांच्या मुंजीचा फोटो संगणकावर परवाच्या सहलीशेजारी जाऊन बसतो. स्कॅनिंग करून देणाऱ्याने हार्ड डिस्क हातात ठेवली की तिच्यात नुसते क्रमांक घातलेल्या हजारो फाइली निघतात, आणि हवा तो फोटो शोधायचा तर पुन्हा मूळ अल्बमच चाळावा लागतो.

अशा संग्रहाला विचारले जाणारे प्रश्न साधे असतात. आत्याच्या लग्नातला, वाड्याच्या पायऱ्यांवर बसून काढलेला ग्रुप फोटो कुठे आहे? गावच्या वाचनालयाचे उद्घाटन झाले तेव्हा मंचावर कोण कोण होते? सॉफ्टवेअरने ही उत्तरे द्यायची तर माहिती नोंदवणे आणि नोंदवलेली शोधून देणे ही दोन कामे त्याला आली पाहिजेत. तिसरे एक काम जाहिरातीत सहसा नसते: नोंदवलेली सगळी माहिती उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या हवाली करणे. निवड करताना आधी तपासायचे ते हेच, कारण फोटो शंभर वर्षे टिकतात आणि सॉफ्टवेअर दहा-पंधरा वर्षांत बंद पडते.

याचे दाखले ताजे आहेत. गूगलने २००४ मध्ये घेतलेले ‘पिकासा’ कितीतरी घरांतल्या संगणकांवर होते. २०१६ मध्ये ते बंद झाले. त्यात जेपेग फोटोंखाली लिहिलेल्या ओळी फाइलमध्येच साठत, म्हणून त्या वाचल्या. चेहऱ्यांना दिलेली नावे मात्र, ती फोटोत लिहिण्याचा पर्याय ज्यांनी निवडला नव्हता त्यांच्या बाबतीत, पिकासाच्या स्वतःच्या छोट्या फाइलींत अडकून राहिली. अॅपलने २००५ मध्ये आणलेले ‘अॅपर्चर’ पुढे न चालवण्याचा निर्णय २०१४ मध्ये जाहीर केला. गूगल फोटोज चालू आहे, पण तिथली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून संपली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मिळतात. सहा इंच बाय चार इंचांचा एक रंगीत फोटो ६०० डीपीआयने स्कॅन करून टिफ स्वरूपात ठेवला तर तो सुमारे २६ एमबीचा होतो; असे पाच हजार म्हणजे १३० जीबी. मूळ प्रती तिथे फुकट राहतील ही आशा सोडलेली बरी.

माहिती ठेवण्याच्या मुख्य जागा दोन: फोटोच्या फाइलमध्ये किंवा फाइलबाहेरच्या डेटाबेसमध्ये. डेटाबेसमधून शोध झटपट लागतो, फाइलमधली माहिती फोटोबरोबर प्रवास करते. चांगले सॉफ्टवेअर दोन्हीकडे लिहिते. फाइलमध्ये लिहिण्याची जुनी पद्धत वृत्तसंस्थांच्या ‘आयपीटीसी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने घालून दिली, आणि नवी, ‘एक्सएमपी’ नावाची, अडोबीने २००१ मध्ये आणली. २०१२ मध्ये एक्सएमपीला आयएसओ मानकाचा दर्जाही मिळाला. मराठीत काम करणाऱ्याला या दोन पद्धतींतला फरक लगेच जाणवतो. जुन्या पद्धतीत शोधशब्दाला ६४ बाइट आणि शहराच्या नावाला ३२ बाइट एवढीच जागा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला आणि हलन्ताला तीन-तीन बाइट लागतात. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव ४९ बाइटांचे भरते, म्हणजे शहराच्या रकान्यात ते मावतच नाही. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ला ८१ लागतात. काही साधने अशा वेळी जादा भाग कापून टाकतात, आणि पडद्यावरची सूचना वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. एक्सएमपीत ही अडचण नाही. म्हणून मराठी संग्रहासाठीचे सॉफ्टवेअर एक्सएमपी लिहिणारे हवे, ही पहिली अट.

सॉफ्टवेअर बघण्याआधी रकाने ठरवावेत. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून ‘डब्लिन कोअर’ हा नमुना पुढे आला. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, हक्क असे त्याचे १५ रकाने आहेत, आणि घरच्या संग्रहाला त्यांतले आठ-नऊ पुरतात. सर्वांत जास्त घोळ दिनांकाचा होतो. एक्झिफला वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असे सगळे हवे असते. माहिती मात्र असते ती ‘१९३५च्या आसपास’ एवढीच. मग कोणीतरी १ जानेवारी १९३५ टाकतो आणि तो अंदाज पुढच्या पिढीला खरा वाटू लागतो. एक्सएमपीत नुसते वर्ष लिहिता येते, आणि ‘अंदाजे’ किंवा ‘तिसरे दशक’ असे नोंदवायचे संकेत २०१९च्या आयएसओ मानकात आहेत. ते सांभाळणारी सॉफ्टवेअरे थोडी असल्याने ‘दिनांक कशावरून’ असा एक वेगळा रकाना ठेवणे सोयीचे. फोटोच्या पाठीवर ‘माघ शु. ५ शके १८५७’ असे लिहिलेले असेल तर सवयीने ७८ मिळवून १९३५ लिहिले जाते. पण माघापर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते, तो फोटो जानेवारी १९३६ अखेरचा. पाठीवरचा मजकूर म्हणूनच जसाच्या तसा उतरवावा आणि पाठही स्कॅन करून त्याच क्रमांकाशी जोडावी.

नावांचेही असेच. लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव, घरातले हाक मारायचे नाव, आडनावाची दोन रूपे ही सगळी एकाच व्यक्तीखाली यावीत अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये हवी. ठिकाणांना तर ती हवीच: व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आले, जुन्या फोटोवर ‘बोरीबंदर’ लिहिलेले असते. छायाचित्रकाराचा किंवा स्टुडिओचा रकाना अनेक जण गाळतात. भारतीय कॉपीराइट कायद्यातले फोटोंसाठीचे स्वतंत्र कलम २०१२च्या दुरुस्तीने वगळले गेले. तेव्हापासून फोटोचा हक्कही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असा मोजायचा असतो, त्यामुळे कोपऱ्यातला स्टुडिओचा शिक्का टिपून ठेवण्याला कायद्याचेही कारण आहे.

आता प्रत्यक्ष साधने. सर्वांत साधे साधन म्हणजे एक्सेलचा तक्ता, आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून माहिती टिपायची तर तक्त्यासारखे काही नाही. एकच काळजी घ्यावी लागते. साध्या ‘सीएसव्ही’ प्रकाराने तक्ता साठवला तर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात, म्हणून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा. या तक्त्यातली माहिती शेकडो फोटोंच्या आत एका आज्ञेने लिहिण्याचे काम ‘एक्झिफटूल’ करते. कॅनडाच्या फिल हार्वी यांनी २००३ पासून जोपासलेले हे फुकट साधन दिसायला रुक्ष आहे, बटणे नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या असतात. पण या क्षेत्रात त्याच्याइतके भरवशाचे दुसरे दाखवता येणे कठीण.

बटणांचे हवे असेल तर घरगुती संग्रहासाठी ‘डिजिकॅम’ पहिल्यांदा पाहावे. ते मुक्त आणि मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते, झाडासारख्या फांद्या फुटणारे टॅग देते आणि चेहऱ्यांची नावे अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या सामाईक पद्धतीने फोटोत लिहू शकते. पहिले काही दिवस त्याची पसाऱ्यासारखी मेनू-यादी अंगावर येते, हेही खरे. २००७ मध्ये आलेले अडोबीचे ‘लाइटरूम’ अधिक नेटके आहे, पण त्याला वर्गणी लागते, आणि ते मुळात फोटो काढणाऱ्यांसाठी घडवलेले आहे, जतन करणाऱ्यांसाठी नाही. त्यात केलेल्या नोंदी आधी त्याच्या कॅटलॉगमध्ये राहतात. त्या फाइलमध्येही लिहायच्या तर तशी सेटिंग चालू करावी लागते. गूगल फोटोज आणि अॅपल फोटोज नातेवाइकांना दाखवायला उत्तम. मूळ सूची तिथे ठेवू नये: गूगलमधून सगळे परत उतरवले की तिथे लिहिलेली वर्णने आणि दुरुस्त केलेल्या तारखा फोटोत न येता शेजारच्या वेगळ्या फाइलींत येतात.

घरातच छोटा सर्व्हर ठेवून सगळ्या भावंडांना मोबाइलवर पाहता येईल अशी सोय ‘इमिच’ आणि ‘फोटोप्रिझम’ देतात, मात्र सर्व्हर सांभाळणारा घरात कोणीतरी लागतो. दप्तरखान्यांत कागदपत्रांचे शेकडो फोटो काढणाऱ्या अभ्यासकांसाठी अमेरिकेच्या जॉर्ज मेसन विद्यापीठातील केंद्राने २०१७ मध्ये ‘ट्रॉपी’ काढले. एकाच दस्तऐवजाची पाने एकत्र बांधायला ते फार सोयीचे.

संस्थांचा प्रश्न निराळा. एखादे शतक ओलांडलेले वाचनालय किंवा नाट्यसंस्था यांच्याकडे नोंदी करणारे अनेक, पाहणारे त्याहून अनेक, आणि देणगीदारांचे संग्रह वेगवेगळे. ‘रिसोर्सस्पेस’मध्ये कोणी काय पाहावे, काय उतरवून घ्यावे याचे बारीक नियम लावता येतात. ट्रॉपीच्याच केंद्राने २००८ मध्ये आणलेले ‘ओमेका’ डब्लिन कोअरवर चालते आणि निवडक फोटोंचे ऑनलाइन प्रदर्शन मांडण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. कोणाकडून काय आले ही साखळी जपायची असेल, म्हणजे देणगी, तिच्यातली पाकिटे, पाकिटातले फोटो, तर आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेच्या पुढाकाराने घडलेले ‘अॅटम’ योग्य. भारतीय ग्रंथालयांत ‘डीस्पेस’ ओळखीचे आहे, पण ते प्रबंध आणि अहवालांसाठी जास्त रुळलेले. ही सगळी सॉफ्टवेअरे मोफत मिळतात; सर्व्हरचे भाडे, वेळोवेळी नवी आवृत्ती बसवणे आणि ते करणारा माणूस मोफत मिळत नाहीत. अनुदान संपल्यावर हे कोण करणार याचे उत्तर नसेल तर संस्थेनेही तक्ता आणि डिजिकॅमवरच थांबावे.

मराठीत शोध लागतो का, हा प्रश्न मात्र कोणतीही पुस्तिका सोडवत नाही. काही शोधयंत्रणा मात्रांना अक्षर न मानता मोकळी जागा समजतात. त्यांच्या लेखी ‘पुणे’ म्हणजे प आणि ण; मग पुणे शोधल्यावर पाणी भरणाऱ्या बायकांचाही फोटो पुढे येतो. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतही नाही. ‘पायऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. छापून दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. दोघांनी दोन कीबोर्डांवर नोंदी केल्या की पायऱ्यांचे निम्मे फोटो एका शोधात सापडतात, निम्मे दुसऱ्यात. १९९० च्या दशकातल्या जुन्या फाँटांत टंकलेल्या याद्यांचा प्रकार याहून वाईट: त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय नुसती इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसते.

त्यातून मराठीची सामान्यरूपे. वर्णनात ‘पुण्यातील वाड्यात’ असे लिहिले असेल तर ‘पुणे’ आणि ‘वाडा’ या शोधांना ते सापडत नाही. उपाय तंत्राचा नाही, शिस्तीचा आहे: वर्णन हवे तसे वाहते लिहावे, पण शोधशब्दांच्या रकान्यात प्रत्येक नाम मूळ रूपात, एकवचनी, ठरलेल्या यादीतूनच घ्यावे. जुन्या मजकुरात १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे अनुस्वार असतात, ‘घरांत’, ‘पुण्यांत’. ते उतरवताना तसेच ठेवावेत आणि शोधशब्द आजच्या लेखनाप्रमाणे द्यावेत. गावांची आणि माणसांची नावे रोमन लिपीतही जोडली तर परदेशात वाढलेल्या नातवंडांना शोध सोपा जातो.

यंत्राने फोटो ‘पाहून’ शोधण्याची सोय ओपनएआयच्या २०२१ मधल्या ‘क्लिप’ मॉडेलनंतर घरगुती सॉफ्टवेअरपर्यंत पोचली. इंग्रजीत ‘बैलगाडी’ विचारली तर टॅग नसतानाही बैलगाड्या निघतात. मूळ मॉडेलचे शिक्षण मुख्यतः इंग्रजी मजकुरावर झाले आहे. इमिचमध्ये बहुभाषिक मॉडेल निवडता येते, पण नऊवारी, मुंडावळ्या, तुळशी वृंदावन हे शब्द आपल्या फोटोंवर चालवून पाहिल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये. शिवाय यंत्राला गाडी दिसते, ती कोणाची आणि कुठल्या जत्रेला निघाली हे दिसत नाही. चेहरे ओळखण्याचेही तसेच: एकाच माणसाचे वीस फोटो ते गोळा करून देते, सख्ख्या भावांत गफलत करते, आणि नाव माणसालाच द्यावे लागते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये तीन हजारांहून अधिक जुने फोटो ‘फ्लिकर’वर मांडले तेव्हा कित्येक ठिकाणे आणि माणसे सामान्य पाहणाऱ्यांनीच ओळखून दिली. संस्थेच्या वार्षिक संमेलनात प्रिंट मांडून शेजारी वही ठेवली तरी असे काम होते.

निवड पक्की करण्याआधी पन्नास फोटोंवर चाचणी घ्यावी, आणि फोटो मुद्दाम अवघड घ्यावेत: तारीख नसलेला, शके लिहिलेला, तीस जणांचा ग्रुप, दोन नावांच्या बाईंचा, लांबलचक ठिकाणाचा. रोज नोंदी करणाऱ्या माणसानेच त्या कराव्यात, विक्रेत्याच्या प्रतिनिधीने नव्हे. मग दहा शोध द्यावेत, त्यात ‘पुणे’ आणि ‘पायऱ्या’ दोन्ही तऱ्हांनी. शेवटी सगळे बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडावे. वर्णने, नावे आणि अंदाजे तारखा तिथे जशाच्या तशा दिसल्या तर उरलेले फोटो नोंदवायला घ्यावेत. रकाने रिकामे निघाले तर पन्नास फोटोंचे श्रम गेले म्हणायचे आणि यादीतले पुढचे नाव आजमावायचे.