घरधनी आणि बिऱ्हाडकरू

दिवेलागणीच्या वेळी कोथरूड किंवा सहकारनगर भागातील एखाद्या रस्त्याने सावकाश चालत जावे आणि मान वर करून इमारतींकडे पाहावे. प्रत्येक इमारतीत एखादे-दुसरे घर तरी असे आढळते की, तेथे दिवा लागलेला नसतो, खिडक्यांच्या काचांवर धुळीचा थर साचलेला असतो आणि गॅलरीत पारव्यांनी संसार थाटलेला असतो. कोणी ते मुलासाठी घेऊन ठेवले आणि मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला; कोणी निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांत घेतले; कोणाला ते बहिणीच्या पश्चात मिळाले. घर असे कुलूपबंद का, म्हणून पृच्छा करावी तर उत्तर बहुधा ठरलेले असते. "रिकामे राहिले तरी चालेल, पण भाडेकरू नको. एकदा शिरला की निघायचा नाही."

ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पुण्यामुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनी तिचा अनुभव घेतलेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई झाली आणि १९१८ साली मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. पुढे १९४७ चा प्रसिद्ध कायदा झाला. तो १९४८ च्या फेब्रुवारीत अमलात आला, आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे चालू होते तेच जुन्या घरांचे प्रमाणभाडे म्हणून कायम झाले. त्या दिवसांत हजारो गरजू कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर या कायद्याने राखले, हे कोणीही प्रामाणिक मनुष्य नाकारणार नाही. परंतु महागाई चढत गेली आणि भाडे मात्र जागच्या जागी राहिले.

नारायण पेठेतील आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडे होती. माडीवरच्या दोन खोल्यांचे भाडे आमच्या आजोबांच्या हयातीत अकरा रुपये होते, आणि त्यांच्या पणतवाची मुंज झाली तेव्हाही ते अकराच होते. एका वर्षी पावसाळ्यापूर्वी कौले शाकारण्यास जो खर्च आला, तो नऊही बिऱ्हाडांच्या वर्षभराच्या भाड्याहून अधिक भरला. मग शाकारणी एक वर्षाआड होऊ लागली, पुढे तीन वर्षांनी. भिंतींत ओल मुरली आणि एका श्रावणात मागील अंगाची भिंत बसली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. घरधनी म्हणत, या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. बिऱ्हाडकरू म्हणत, भाडे घेता ना, मग दुरुस्ती करा. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि त्यामुळेच तो तंटा कधी मिटला नाही. त्या दिवशी आमच्या वडिलांनी, पुन्हा जन्मात भाडेकरू ठेवणार नाही, असे जे म्हटले ते अखेरपर्यंत पाळले. आमची कोथरूडची जागा त्यापायी नऊ वर्षे कुलपात राहिली. उघडली तेव्हा नळांच्या तोट्या गंजलेल्या आणि भिंतीतले कपाट वाळवीने पोखरलेले आढळले.

मध्यंतरी कायदा बदलला, हे मात्र पुष्कळ घरांतील वडील मंडळींच्या अद्याप कानी गेलेले नाही. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी आता अन्यायकारक झाल्या असल्याचे स्पष्ट म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंच्या भाड्यातही दरसाल ४ टक्के वाढ करण्याची त्यात सोय आहे. आणि आज जो नव्याने घर देणार आहे, त्याला त्या जुन्या वाटेने जाण्याचे कारणच नाही. 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणून जो करार आपल्याकडे सर्रास होतो, त्यात राहणाऱ्यास घरात हक्क मिळत नाही. ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी तेवढी मिळते. मुदत संपूनही तो निघाला नाही, तर कायद्याच्या २४ व्या कलमान्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांबद्दल दुप्पट दराने भरपाई मागता येते. 'लायसन्स' या शब्दाविषयी काही वृद्धांच्या मनात अढी आहे, ती १९७३ पासूनची. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानाधारक जागेत राहत होते त्यांना त्या वेळी कायद्याने भाडेकरूंचे संरक्षण दिले, आणि अनेक घरमालकांना ती चपराक बसली. आजची तरतूद त्याहून निराळी आहे.

इतके समजल्यावर आम्ही सुखाने घर दिले असेल, असे वाचकांस वाटेल. आम्ही केली ती चूक उलट अंगाची होती, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही.

एका जुन्या स्नेह्यांच्या भाच्याची पुण्यास बदली झाली. दोन महिने राहू द्या, तोवर त्याची सोय होईल, असा शब्द त्यांनी टाकला. घरात कोणीतरी कराराची गोष्ट काढली, तेव्हा आम्हीच म्हणालो, "घरचाच मुलगा आहे, त्याच्याकडून कागद कसला लिहून घ्यायचा? दिसायला तरी बरे दिसेल का?" दोन महिन्यांचे एकोणीस झाले. पाच महिने भाडे आले, पुढे ते आज-उद्यावर गेले. वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी कायद्याचे ५५ वे कलम पुढे ठेवले. करार लेखी असावा व त्याची नोंदणी व्हावी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मुख्य म्हणजे, नोंदलेला कागद नसेल तर कोणत्या अटींवर घर घेतले याविषयी राहणारा जे सांगेल तेच, खोटे ठरेपर्यंत, खरे धरले जाते. घरातील एका तरुणाने पाणी तोडण्याची युक्ती सुचविली. वकील म्हणाले, "तेवढे मात्र करू नका. पाणी, वीज तोडणे हा गुन्हा आहे. आज चूक त्याची आहे, उद्या तुमची होईल." शेवटी तो गृहस्थ आपण होऊन गेला. पैशांचे नुकसान फारसे झाले नाही. परंतु त्या स्नेह्यांचा व आमचा चाळीस वर्षांचा घरोबा संपला. गेल्या वर्षी त्यांच्या नातीचे लग्न झाले, तेही आम्हांस दुसऱ्याकडून कळले.

यास्तव नवख्या घरधन्यास आमचे पहिले सांगणे असे की, कागद करावयाचा तो ओळखीच्या माणसाशी तर आधी करावा. परक्याशी व्यवहार करताना मनुष्य जात्याच सावध असतो. आप्ताशी करताना भिडेचा पडदा आड येतो आणि काय ठरले होते हे दोघेही आपापल्या सोयीने आठवतात. कागद म्हणजे अविश्वास, ही आपल्या मध्यमवर्गाची समजूत आहे. आमच्यापाशी कागद असता, तर त्या स्नेह्यांशी एक शब्दही बोलण्याची वेळ आली नसती.

अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी लागत नाही, हा दुसरा भ्रम घरोघरी आहे. तो १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून पडलेला आहे. त्यात वर्षाच्या आतील भाडेपट्ट्यास सवलत आहे. महाराष्ट्रात मात्र ५५ व्या कलमामुळे मुदत कितीही लहान असो, नोंदणी हवीच. आणि खर्च तरी असा काय आहे? मासिक २०,००० रुपये आणि परत करावयाची अनामत १,००,००० धरून दोन वर्षांचा करार केला, असे समजू. दोन वर्षांचे भाडे ४,८०,००० झाले, अनामत रकमेवर दरसाल १० टक्के प्रमाणे २०,००० धरावयाचे, एकूण ५,००,०००. यावर पाव टक्का, म्हणजे १,२५० रुपये मुद्रांक शुल्क, आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये. साठ महिन्यांपर्यंतच्या करारास हाच हिशेब चालतो. हल्ली हा करार घरी बसूनही नोंदविता येतो. अंगठा व छायाचित्र यंत्रावर घेतले जाते. नोंदणी झाल्यावर पोलिसांकडे बिऱ्हाडकरूची माहिती देणेही विसरू नये.

एकत्र कुटुंबात आणखी एक पेच असतो. घर आजीच्या नावावर, व्यवहार मोठे काका पाहतात आणि भाडे धाकट्याच्या खात्यात जमा होते! करार घर ज्याच्या नावावर आहे त्यानेच, किंवा त्याच्या कुलमुखत्यारपत्रधारकाने करावयाचा असतो. घर अनेकांच्या नावे असल्यास सर्वांच्या सह्या घ्याव्यात. पुढे वाटणीच्या वेळी 'मला विचारले नव्हते' हे वाक्य ऐकण्यापेक्षा आज चार सह्यांसाठी थांबणे बरे. प्राप्तिकरही मालकावरच बसतो, पैसे कोणाच्याही हाती पडोत. त्या वर्षी मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी भाड्यातून वजा करता येते, आणि उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट सूट मिळते, दुरुस्तीवर दमडी खर्च केली असो वा नसो. ज्यांचे घर परदेशी राहणाऱ्या मुलाच्या नावावर आहे, त्यांनी बिऱ्हाडकरूस आधीच सांगावे की, मालक अनिवासी असल्याने भाडे लहान असले तरी त्यातून कर कापून भरण्याची जबाबदारी त्याच्याकडे येते. हे न सांगितल्यामुळे सज्जन भाडेकरूही अडचणीत आलेले आम्ही पाहिले आहेत.

आता माणूस कसा निवडावा? आमच्या वाचकवर्गात आडनाव ऐकताच 'जागा दिली गेली' असे सांगण्याची रीत अजून आहे, हे आम्ही जाणून आहोत. आमच्याशी एकोणीस महिने ज्याने खेळ केला, त्याचे आडनाव आमच्याच गोत्यातले होते. नोकरी काय, पूर्वी कोठे राहत होता, तेथून का निघाला, घरात माणसे किती, एवढे विचारावे. आणि जमल्यास पूर्वीच्या घरमालकाशी एकदा बोलावे. स्वयंपाकघरात काय शिजते, याची चौकशी करून भाडे वेळेवर येत नाही. आमचा असाही अनुभव आहे की, जागा पाहावयास आल्यावर जो गृहस्थ, किंवा त्याची पत्नी, नळ सोडून पाहते आणि पाणी किती वाजता येते हे विचारते, ती मंडळी टिकतात.

देण्यापूर्वी मालकाने स्वतः त्या घरात एक रात्र काढावी. हसण्यासारखी गोष्ट वाटेल. परंतु मोरीचे पाणी तुंबते, स्वयंपाकघरातील सिंकखाली ठिबकते, दाराची कडी ओढून घेतल्यावाचून बसत नाही, हे सर्व एका रात्रीत कळते. पंखे, दिवे, गीझर, चाव्या यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. विजेच्या मीटरचा आकडा लिहावा. भिंतींची छायाचित्रे काढावीत. कोणती दुरुस्ती कोणाकडे हेही आताच ठरवावे. गळती, जुन्या नळवाहिन्या, भिंतीतील वायर मालकाच्या. दिव्याचा बल्ब किंवा नळाचा वायसर राहणाऱ्याचा. आणि गळतीचा निरोप आला की प्लंबर त्याच आठवड्यात पाठवावा. वाड्याची भिंत पडलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे अधिक सांगावयास नको. गृहनिर्माण संस्था बिनभोगवटा शुल्क मागेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकास घरपट्टीच्या आकारणीत जी ४० टक्के सवलत आहे, तीही बिऱ्हाडकरू ठेवल्यावर राहत नाही, हे हिशेबात धरावे.

केवळ भाड्यासाठी दुसरे घर विकत घ्यावे काय, असे तरुण मंडळी विचारतात. पाटी-पेन्सिल घेऊन बसावे. घर ८० लाखांचे, भाडे २०,०००, आणि वर्षात एक महिना जागा रिकामी गेली असे धरू. उत्पन्न २,२०,०००. त्यातून संस्थेचे ३६,०००, घरपट्टी १४,००० आणि रंग-दुरुस्तीचे २०,००० गेले की उरतात १,५०,०००. म्हणजे शेकडा दोनही नाहीत. त्यात ५० लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने साडेआठ टक्क्यांनी काढले, तर हप्ताच दरमहा ४३ हजारांवर जातो. भाड्यातून तो निम्माही निघत नाही. पुढे घराची किंमत वाढेल या आशेवर जे घेतात त्यांनी ती आशा आहे हे ओळखून घ्यावे. आहे ते घर कुलपात ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने दीड लाखावर दरसाल पाणी सोडलेले असते आणि वाळवीचा खर्च निराळा.

अनामत रकमेविषयी एक सूचना. ती संसारात खर्चू नये. वेगळ्या खात्यात ठेवावी. आमच्याकडे सध्या जे जोडपे राहून गेले, त्यांचा करार दोन वर्षांचा होता. निघण्याच्या दिवशी आम्ही सकाळीच जागेवर गेलो. जुनी यादी काढून एकेक वस्तू पाहिली. भिंतीत खिळ्यांची आठ-दहा भोके होती. ती आम्ही धरली नाहीत, कारण माणूस राहिला की खिळा ठोकणारच. गॅलरीची फुटलेली काच त्यांनी आपण होऊन दाखविली. तिचे आठशे रुपये वजा केले. मीटरचा आकडा लिहून शेवटचे बिल भागविले आणि उरलेल्या रकमेचा धनादेश तेथेच हाती दिला. त्या बाईंनी जाता जाता तुळशीची कुंडी मागे ठेवली; टेम्पोत जागा नव्हती. नवे बिऱ्हाड पुढल्या महिन्यात येईल, तोवर एक दिवसाआड तिला पाणी घालावयास आम्ही जातो.