चॉकलेटला पाण्याचे वावडे

तालुक्याच्या गावी महिला मंडळाचा चॉकलेटचा वर्ग भरला, तेव्हा तीस वर्षे खतबियाण्यांवर बोलणारा मीही पातेल्यापाशी बसलो. ‘कंपाउंड’ नावाने तयार लादी मिळते. तिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेलाचा स्निग्धांश असतो, त्यामुळे नवशिक्यांना ती सोपी जाते. लादी बारीक चिरावी, कोरड्या भांड्यात घालून गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवावी व हलवत राहावे. भांड्याचा तळ पाण्याला लागू देऊ नये. पातळ झाले की साच्यात ओतावे.

माझा चमचा मात्र ओला राहिला होता. बघता बघता अर्धा किलो चॉकलेट बिघडलेल्या पिठल्यासारखे गुठळ्या होऊन बसले! शेजारच्या ताई म्हणाल्या, “साहेब, आता पैसे कोण भरणार?” मीच भरले. शिकवणाऱ्या बाईंनी त्यात गरम दूध घोटले. मुलांना पोळीशी खायला झाले, विकायला नाही. तेव्हा भांडे, चमचा, साचा आधी कोरड्या फडक्याने पुसा. घरचे शेंगदाणे घालायचे तर भाजून, पुरते निववून घाला.

उन्हाळ्यात हा माल बाजारापर्यंत पोचेतो मऊ पडतो. दिवाळी ते संक्रांत हाच हंगाम धरा. विक्रीला अन्नसुरक्षा नोंदणी लागते. आणि कर्ज काढून फ्रीज घेण्याआधी दोन किलो विकून पाहा.