जहाजबांधणाऱ्यांचे चर्च
फ्रान्समधील मध्ययुगीन पॅरिश चर्च : लेखांक ६

मागच्या लेखात आपण रूआँ शहरातले सेंट माक्लू पाहिले. १४३७ मध्ये बांधायला घेतलेल्या त्या चर्चच्या पाच दर्शनी कमानींवर दगडाचे नाजूक जाळीकाम आहे. सीन नदीच्या काठाने तसेच खाली गेले की समुद्राच्या तोंडाशी ओंफ्लर हे छोटे बंदर लागते. इथले सेंट कॅथरीन त्याच पंधराव्या शतकात उभे राहिले, पण याचे खांब, तुळया, छत, सगळे लाकडाचे. फ्रान्समध्ये टिकून राहिलेल्या लाकडी चर्चमध्ये हे सर्वांत मोठे.

लाकूडच का, याचे उत्तर युद्धात आहे. शंभर वर्षांच्या युद्धात ओंफ्लर १४१९ ते १४५० इंग्रजांच्या ताब्यात होते आणि गावातले जुने दगडी चर्च त्या धामधुमीत उद्ध्वस्त झाले. इंग्रज गेले तेव्हा गावाजवळ पैसा बेताचाच उरला होता, आणि दगड आधी तटबंदीला हवा होता. रविवारच्या प्रार्थनेला मात्र छप्पर लागणारच. गावाकडे दोन गोष्टी मुबलक होत्या : आसपासच्या जंगलातला ओक आणि गोदीत काम करणारे कसबी सुतार. चर्चचे काम त्यांच्याकडे आले.

दगडी गॉथिक छताचा भार नुसता खाली येत नाही, तो भिंतींना बाहेरही रेटतो. तो रेटा पेलायला जाड टेकू, खोल पाया आणि वर्षानुवर्षे मजुरी देण्याची ऐपत लागते. लाकडी सांगाड्याचे गणित वेगळे. आडवी तुळई दोन्ही बाजूंच्या खांबांना एकमेकांशी बांधून ठेवते, वासे फाकायला जात नाहीत आणि भार सरळ खांबातून जमिनीत उतरतो. सुतारांनी बाजाराच्या मंडपासारखा लांबलचक, उभ्या खांबांचा आराखडा घेतला आणि छताला गलबताची बांधणी वापरली. आत उभे राहून वर पाहिले, तर गलबत उपडे करून डोक्यावर ठेवल्यासारखे दिसते. नॉर्मंडीत आणि ब्रिटनीत लाकडी छताची पॅरिश चर्च बरीच आहेत, पण त्यांच्या भिंती आणि खांब बहुधा दगडाचे असतात. सेंट कॅथरीनमध्ये खांबही ओकचेच.

या खांबांपाशी थोडे थांबायला हवे. त्यांच्या बुडाशी दगडी तळखडे आहेत, म्हणजे जमिनीची ओल थेट लाकडात चढत नाही. पण तळखड्यांची उंची सगळीकडे सारखी नाही. जिथे पुरेसे लांब खोड मिळाले नाही, तिथे तळखडा उंच घेऊन उणीव भरून काढली. हाताशी असलेल्या लाकडाशी जुळवून घेत काम कसे पुढे गेले, ते या असमान तळखड्यांवर आजही वाचता येते. एखाद्या दस्तऐवजाइतकेच त्यांचे मोल मला वाटते.

सोळाव्या शतकात एक दालन पुरेना. तेव्हा जुन्या दालनाला खेटून तसेच दुसरे उभारले. त्यामुळे आत पाऊल टाकताच समोर एक लांब मार्ग न दिसता जोडीने दोन दालने दिसतात आणि मधोमध खांबांची रांग. दुसऱ्या दालनाचे छत जास्त गोलसर आहे, गलबताचा भास तिथे कमी होतो. दोन पिढ्यांच्या कामातला हा फरक कुणी लपवलेला नाही.

घंटाघर चर्चपासून वेगळे, चौकापलीकडे आहे. उंच मनोऱ्यावर वीज पडण्याचा धोका मोठा. आग लागलीच तर ती लाकडी चर्चपर्यंत आणि आतल्या माणसांपर्यंत पोहोचू नये, ही त्यातली दूरदृष्टी. शिवाय हेलकावणाऱ्या जड घंटांचे हिसके चर्चच्या सांगाड्याला बसत नाहीत. मनोऱ्याला चहूबाजूंनी तिरके ओकचे टेकू दिले आहेत, अंगावर चेस्टनटच्या लाकडी पातळ फळ्या कौलांसारख्या चढवल्या आहेत आणि पायथ्याशी घंटा वाजवणाऱ्याचे घर आहे.

एकोणिसाव्या शतकात मात्र गावाला आपल्या लाकडाचा कमीपणा वाटू लागला. इमारतीवर गिलावा चढला, दर्शनी बाजूला ग्रीक धाटणीचा मंडप आला. यूजीन बुदँ आणि योंगकिंड या चित्रकारांच्या चित्रांत तो मंडप दिसतो. पुढे विसाव्या शतकात तो जाऊन नॉर्मंडीच्या खेड्यातल्या चर्चना शोभेल अशी देवडी आली. उसना डौल उतरला आणि लाकूड पुन्हा उजेडात आले.

वास्तुकलेचा इतिहास आपण बहुधा शैलींच्या नावांनी शिकतो : रोमनेस्क, गॉथिक, रेनेसाँ. पॅरिश चर्चच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. राजाच्या किंवा बिशपच्या इमारतीला बाहेरून नामवंत कारागीर आणता येत, दुरून दगड मागवता येई. पॅरिशला आपल्याच हद्दीतले साहित्य आणि आपलीच माणसे घेऊन बांधावे लागे. म्हणून अशी इमारत पाहताना ती कोणत्या शैलीची, या प्रश्नाआधी विचारावे की या गावातल्या लोकांना काय बनवता येत होते. ओंफ्लरकरांना जहाजे बांधता येत होती. त्यांनी तीच विद्या देवाच्या कामी लावली आणि ते काम पाच शतकांहून अधिक काळ टिकले.

पुढच्या लेखात दीजाँचे नोत्र दाम : दाट वस्तीतल्या अरुंद जागेने तेराव्या शतकातल्या बांधणाऱ्यांना कोणत्या युक्त्या शिकवल्या, ते पाहू.