जुना प्रिंटर आणि मराठी मजकूर

कचेरीतील कारकुनाने संगणकावर मोठ्या निगुतीने सजवलेले पत्र छपाईस धाडावे, आणि कोपऱ्यातल्या जुन्या प्रिंटरने त्याच्या बदल्यात प्रश्नचिन्हांची रांग, अर्थहीन रोमन अक्षरांचा सडा किंवा नुसताच कोरा कागद बाहेर टाकावा, असा प्रसंग ज्या दफ्तरावर कधी ओढवला नाही असे दफ्तर विरळाच. अशा वेळी यंत्र मोडले, ते भंगारात काढावे, असा निवाडा तत्काळ होतो. वस्तुतः ज्या यंत्राने काही तरी अक्षर उमटवले, मग ते कितीही विपरीत असो, त्याचे डोके, फीत आणि कागद ओढणारे रूळ शाबूत असल्याची साक्ष त्याच कागदाने दिलेली असते. बिघाड असतो तो मजकूर आणि यंत्र यांच्यामधल्या व्यवहारात.

हा व्यवहार समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. 1980 साली एप्सन कंपनीचा एमएक्स-80 हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बाजारात आला. त्या पिढीच्या यंत्रांत रोमन अक्षरांच्या आकृती कायमच्या कोरलेल्या असत. संगणकाने केवळ आकडा पाठवायचा, 65 म्हटले की यंत्राने आपल्या पोटातला ‘ए’ काढून कागदावर ठोकायचा. ठळक अक्षर, लहान अक्षर यांसाठी काही सांकेतिक आज्ञा असत, आणि वर्डस्टारच्या जमान्यात त्या आज्ञा ठाऊक असण्याची जबाबदारी त्या त्या लेखनप्रणालीवरच होती. पुढे विंडोजने हे काम ‘ड्रायव्हर’ नामक दुभाष्याकडे सोपवले. 1992 मध्ये विंडोज 3.1 बरोबर ट्रूटाइप अक्षरे आली, आणि अक्षराची आकृती संगणकाकडूनच, ठिपक्यांच्या चित्राच्या रूपाने, यंत्राकडे जाऊ लागली. बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे: मजकूर आकड्यांच्या रूपाने निघाला की चित्राच्या रूपाने, याविषयी प्रणाली, दुभाषी आणि यंत्र या तिघांचे एकमत नसते.

रोमन लिपीला हा मतभेद कसाबसा खपतो, देवनागरीला खपत नाही. एप्सनच्या वळणाच्या त्या यंत्रांत देवनागरी कोरलेलीच नव्हती, त्यामुळे मराठी मजकूर त्यांच्या दृष्टीने प्रथमपासून चित्रच होता. त्यात आपल्याकडील युनिकोडपूर्व फॉन्टांनी रोमन अक्षरांच्याच आकड्यांवर मराठी आकृती बसवल्या होत्या. आता ड्रायव्हरमध्ये ‘यंत्रातील फॉन्ट वापरा’ अशी तजवीज असेल, तर आकडा तोच राहतो, आकृती मात्र यंत्राच्या पोटातली रोमन येते, आणि अर्जदाराच्या नावाऐवजी निरर्थक अक्षरे उमटतात. युनिकोड मजकूर ‘जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली’ या जुजबी ड्रायव्हरकडे सोपवला तर प्रश्नचिन्हे किंवा मोकळ्या जागा मिळतात, कारण त्याला चित्र पाठवताच येत नाही. पहिल्या दुखण्यावर उपाय म्हणजे ड्रायव्हरच्या प्रगत रचनेत ट्रूटाइप अक्षरे चित्ररूपाने पाठवण्याचा पर्याय निवडणे. दुसऱ्यावर, तो ड्रायव्हरच बदलणे.

चित्र पाठवले म्हणजे सारे निभावले असेही नाही. यंत्राचे डोके मजकुराची एकेक ओळ दोन-तीन फेऱ्यांत छापते, एक फेरी डावीकडून तर दुसरी उजवीकडून. या दोहोंचा मेळ केसभर चुकला तरी काना मध्येच तुटून त्याचे दोन तुकडे सरकलेले दिसतात. रोमन मजकुरात हे सहसा जाणवत नाही, कारण तो यंत्राच्या स्वतःच्या अक्षरांत एकाच फेरीत उमटतो. एकाच दिशेने छापण्याची आज्ञा दिली की काना सरळ होतो. वेळ अधिक लागतो, तो सोसावा.

लेझर यंत्रांचे दुखणे निराळे, ते स्मरणशक्तीचे. 1987 च्या लेझरजेट सीरीज टू या यंत्रात मूळची 512 किलोबाइट स्मृती होती. ए-4 चे पान इंचाला 300 ठिपक्यांनी पूर्ण चित्ररूपात मांडायचे तर सुमारे 87 लाख ठिपके, म्हणजे एक मेगाबाइटहून अधिक जागा लागते. मग अर्धे पान एका कागदावर, उरलेले दुसऱ्यावर! ठिपके इंचाला 150 वर आणले की गरज चौथाईवर येते आणि पान निमूटपणे बाहेर पडते.

काही वेळा यंत्र काहीच छापत नाही, फक्त दिवा लुकलुकवते. तेथे कागदाचे माप तपासावे. अमेरिकेतील ‘लेटर’ कागद ए-4 पेक्षा सुमारे 6 मिलिमीटर रुंद आणि 18 मिलिमीटर आखूड असतो. दस्तऐवजात तो नमूद असेल तर यंत्र त्याची वाट पाहत बसते, समोर ए-4 चा गठ्ठा असूनही. आणि टक्क्याचे व उद्गाराचे चिन्ह आरंभी घेऊन पानेच्या पाने आज्ञावली छापून येऊ लागली, तर पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची आज्ञाभाषा न जाणणाऱ्या यंत्राकडे त्या भाषेतला मजकूर गेला आहे असे समजावे.

तपासाचा क्रम यंत्राकडून प्रणालीकडे असावा, लोक मात्र उलट करतात. अनेक एप्सन यंत्रे लाइन फीडचे बटण दाबून धरून सुरू केली की संगणकाशिवाय स्वतःची चाचणी छापतात; ती नीट आली तर विंडोजचे चाचणीपान काढावे, आणि मगच मूळ दस्तऐवजाकडे वळावे. त्याच दस्तऐवजाची पीडीएफ प्रत चोख छापली गेली, तर संशय लेखनप्रणालीवर किंवा तिच्यातील फॉन्टवर येतो.

नव्या विंडोजसाठी ड्रायव्हरच मिळत नाही, अशी तक्रार असते. पुष्कळशी 24 पिनांची यंत्रे, भारतीय बनावटीचीही, एप्सनच्या एलक्यू मालिकेच्या आज्ञा पाळतात. म्हणून त्या मालिकेचा ड्रायव्हर लावून पाहावा. जी स्वस्त लेझर यंत्रे पान रचण्याचे सारे काम संगणकावर टाकतात, त्यांना असा उसना दुभाषी चालत नाही. त्यांच्यासाठी जुन्या विंडोजचा एखादा संगणक, इंटरनेटला न जोडता, राखून ठेवावा आणि पीडीएफ पेनड्राइव्हवर नेऊन त्यावरून छापावी.