बुरशी आणि पीक : फरक ओळखा

शेतकरी बंधूंनो, पावसाळ्यात पाव दोन-चार दिवस राहिला की त्यावर पांढरा कापूस व पुढे काळे ठिपके दिसतात. ही रायझोपस बुरशी होय. कापूस म्हणजे तिचे तंतू, तर काळे ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या. बीजाणू हवेत सर्वत्र असतात. अन्न व ओलावा मिळताच ते रुजतात.

पूर्वी बुरशीची गणना वनस्पतींत होत असे. आता तिचा वर्ग स्वतंत्र मानतात. पीक हरितद्रव्याच्या साहाय्याने सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करते. बुरशीत हरितद्रव्य नसते. ती अन्नावर पाचक रस सोडते व विरघळलेला अंश शोषून घेते. म्हणूनच कोठारातील अंधार तिला रोखत नाही. तिला रोखतो तो कोरडेपणा.

ओलसर भुईमुगावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. भाजल्याने किंवा शिजवल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये अशी विषारी भुईमूग पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले.

तेव्हा शेंगांतील ओलावा ८ ते ९ टक्क्यांवर येईपर्यंत त्या वाळवाव्यात. शेंग हलवल्यास दाणे खुळखुळले पाहिजेत. फुटक्या व बुरसटलेल्या शेंगा निवडून काढाव्यात. त्या जनावरांनाही घालू नयेत. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. बुरसटलेला पावही वरचा भाग काढून खाऊ नये, कारण तंतू आतपर्यंत गेलेले असतात.